पाच म्हाताऱ्यांची बरणी

उदगीर, दि. २८ मे

तीर्थस्वरूप शिवशंकरअप्पांना (मुक्काम नांदेड) उदगीरहून तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा शरणप्पा याचा शरणार्थ. वहिनींनाही सांगावा. इकडे सर्व क्षेम आहे असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, खरी हकीकत पुढे आहे. तुमची शुगर कशी आहे? सकाळचं फिरणं चालू असेलच. (चहाच्या टपरीपर्यंत जाऊन परत येण्याला डॉक्टर फिरणं म्हणत नाहीत, हे मागेही बोललो होतो. पण तुम्ही वडीलधारे, तुम्हाला मी काय सांगणार.) अंबिकाच्या मोतीबिंदूच्या वेळी एप्रिलात तुम्ही तिला महिनाभर ठेवून घेतलंत, पथ्यपाणी केलंत, हे मी विसरणार नाही. डॉक्टरही चांगला गाठलात. जरा जास्तच चांगला गाठलात. पूर्वी दारातून कोण आलं हे तिला आवाजावरून ओळखावं लागायचं. आता ती ओट्यापाशी उभी राहून माझ्या सदऱ्यावरचा भज्याचा डाग ओळखते, आणि भजं कांद्याचं होतं की मिरचीचं हेही सांगते. तुम्ही तिचे डोळे नीट करून पाठवलेत आणि भोगतोय मी.

घरात दोन फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो, असं तुम्हाला वाटेल. कारण असं की मला आता फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर टाकला की गल्लीतल्या सगळ्यांना येतं. मेसेज पाठवावा तर अंबिका नव्या डोळ्यांनी माझा फोन माझ्याआधी वाचते. म्हणून मोंढ्यातल्या दुकानात, दुपारी सौदे आटोपल्यावर, तुरीच्या पोत्यावर बसून लिहितो आहे. वाचून झालं की फाडून टाका. वहिनींना तोंडी सांगितलं तरी चालेल, पण अर्धंच सांगा.

विषय बरणीचा आहे. सासूबाईंच्या त्या दोन बरण्या तुम्हाला आठवतच असतील, कारण त्यातली एक तुमच्या टेबलावर आहे. वीतभर उंच, सायीच्या रंगाची, अंगभर बारीक तडे गेल्यासारखी जाळी, गळ्याशी सोन्याची वेलबुट्टी, आणि पोटावर ओळीनं बसलेले पाच दाढीवाले म्हातारे, प्रत्येकाच्या डोक्यामागे एक गोल. तुमचे आजोबा हैदराबादला कुणा जहागीरदाराच्या वाड्यावर डाळ पोचवायचे, तिथून त्यांना ही जोडी भेट मिळाली, असं सासूबाई सांगायच्या. त्यांनी एक तुम्हाला दिली, एक अंबिकाला. घरात तिला नाव पडलं म्हाताऱ्यांची बरणी. अंबिकानं तिच्यात आयुष्यभर आमटीसाठी भाजून दळलेलं येसर भरलं. (तुम्ही चित्रकलेचे मास्तर असून तीस वर्षं तुमच्या बरणीत ब्रश उभे केलेत, आणि ही चिनी आहे, बाजारात अशा पुष्कळ मिळतात, असं मला दोनदा ठणकावून सांगितलंत. ते मी मनावर घेतलं नाही, फक्त लक्षात ठेवलं.)

तर एप्रिलात अंबिका तुमच्याकडे असताना निलंग्याहून ऋतुजाचा फोन आला, बाबा, आईच्या हातचं येसर खावंसं वाटतंय. पोरीनं लग्न होऊन दोन वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं. मला गहिवरून आलं. येसर बरणीतच होतं. दुसऱ्या डब्यात काढावं तर डब्याला झाकण सापडेना, झाकणाला डबा सापडेना, आणि निलंग्याची एसटी दहाला. मी आहे तशी बरणी पिशवीत घातली, मांडीवर धरून निलंग्याला नेली आणि विहीणबाईंच्या हातात दिली. महानंदाबाई खूश झाल्या, आमचे व्याही बसलिंगप्पा दोन वाट्या येसर आमटी प्याले, ऋतुजा तर बोटानं चाटून खात होती. त्या दिवशी माझ्यासारखा बाप साऱ्या लातूर जिल्ह्यात नाही असं मला वाटलं. मी रिकाम्या पिशवीनं परत आलो.

अंबिका आली आणि चौथ्या दिवशी तिनं फळीकडे बघून विचारलं की बरणी कुठाय. आईची एवढी एकच वस्तू तिच्याकडे आहे, हे मला माहीत आहे. ती कधी कुणाच्या हातात देत नाही, हेही माहीत आहे. मग माझ्या तोंडून निघून गेलं की मांजर फळीवर चढत होतं म्हणून माळ्यावर नीट ठेवलीय. तिचे गुडघे शिडीवर चढत नाहीत, त्यामुळे माळा ही आमच्या घरातली सगळ्यात सुरक्षित जागा. विचार असा की चार दिवसांत निलंग्याला जाऊन आणू. या चार दिवसांना आज पाचवा आठवडा लागला.

त्यात मेच्या सुरुवातीला दुकानात हैदराबादचे अक्रमसाहेब आले. गृहस्थ शौकीन. जपानची जुनी, हातानं रंगवलेली भांडी जमवतात, आणि निजामाच्या वेळची घराणी कुठं कुठं पांगली त्याचा माग काढत बिदर, उदगीर असे फिरतात. आमच्याकडे आले ते पितळी मापं बघायला. बघता बघता त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. ऋतुजा बी.एस्सी. झाली तेव्हा मी तिला पेढा भरवतोय, तो फोटो. मला वाटलं पोरीचं कौतुक करतायत. ते खुर्चीवर चढले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि माझ्या कानामागे फळीवर दिसणाऱ्या बरणीकडे पाच मिनिटं बघत राहिले. मग खाली उतरून मला समजावून सांगितलं की ही चिनी नव्हे, जपानी आहे, सात्सुमा म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांची असावी. दोन केसांचा ब्रश घेऊन एकेक माणूस महिनाभर असा सोन्याचा ठिपका ठिपका देत बसायचा. बुडाखाली लाल गोल आणि त्यात फुली असेल तर बघायलाच नको. मी म्हणालो, फुली आहे. शेजारी अंबिकानं नेलपॉलिशनं काढलेलं ‘अं’ही आहे, लग्नकार्यात भांडी बदलतात म्हणून. नेलपॉलिशचं ऐकून त्यांनी पाणी मागितलं.

किंमत विचारायची मला सवय नाही, हात पुढे करायची आहे. तुम्हाला माहीत आहे, आमच्या उमेदीत मोंढ्यातला भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. ती पद्धत गेली, पण हात विसरला नाही. मी खांद्यावरचा रुमाल टाकून त्याखाली हात धरला. ते आधी लाजले, मग त्यांनी तीन बोटं दाबली. आता तीन म्हणजे काय, हे दोघांना आधीच ठाऊक असेल तर त्या पद्धतीला अर्थ आहे. तीनशे, तीन हजार की लाखात, मला विचारवेना, त्यांनी सांगितलं नाही. माझा विकायचा विचार अजिबात नव्हता. (लाखातली तीन असती तर विचार करायचा विचार केला असता, इतकंच.) पण वस्तू घरात असलेली बरी म्हणून दुसऱ्याच दिवशी निलंगा गाठलं.

बरणी टीव्हीशेजारी होती. येसर संपलेलं, आत बसलिंगप्पांच्या सुपारीची खांडं. मी सहज म्हणाल्यासारखं म्हणालो की जाताना बरणी घेऊन जातो. महानंदाबाई म्हणाल्या, रिकामी कशी देऊ, शेवया घातल्यात, वाळल्या की भरून देते. आपल्याकडे कुणी भांडं रिकामं परत देत नाही, हे बरोबरच आहे. मी चार दिवसांनी पुन्हा गेलो, तर अवकाळीचे ढग आले होते आणि शेवया ओल्या. बरं, शेवया बरणीत मावणार नाहीत हे तिथं सगळ्यांना दिसत होतं, पण ते बोलून दाखवणं बरं दिसत नाही. मी जेवून परत आलो. तिसऱ्या वेळी तिथं पोचलो तेव्हा माझ्याकडे कारणही उरलं नव्हतं. अक्रमसाहेबांना मी रविवारची वेळ देऊन बसलो होतो, अंबिका रोज माळ्याकडे बघत होती. जेवणं झाली, पान झालं, आणि मी म्हणालो की असू द्या हो, रिकामीच द्या बरणी.

अप्पा, बसलिंगप्पांनी टीव्ही बंद केला. मॅच चालू होती, तरी बंद केला. जावई रुद्रेश उठून उगाच बाहेर गेला. महानंदाबाईंचा हात पदराला गेला, आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, “रिकामीच न्यायची म्हणता का वो? आमचं काय चुकलं?”

आता सांगा, काय उत्तर देणार? बरणी शंभर वर्षांची आहे म्हणावं, तर इतके दिवस सुपारी ठेवू दिली ती कशी? अंबिकाला न विचारता आणली म्हणावं, तर बायकोला विचारल्याशिवाय लेकीला येसर आणता येत नाही असं आमचं घर ठरतं. मी काहीतरी पुटपुटलो. रिकामं भांडं मागून नेणं म्हणजे येणंजाणं तोडणं, हे मी दुसऱ्या कुणाला शंभरदा सांगितलं असेल. ऋतुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मला चपला दिल्या आणि म्हणाली, “बाबा, तुमी जावा आता. आईला पाठवून द्या.” पोरीचा आवाज चढलेला नव्हता, त्यानंच जास्त लागलं. एसटीत खिडकीशी बसलो आणि खरं सांगतो, मला स्वतःची लाज वाटली. दोन वर्षांत त्या घरात तिनं जे जमवलं, ते मी एका बरणीपायी पाच मिनिटांत हलवून आलो होतो.

मी उदगीरला उतरायच्या आत बातमी उतरली होती. बसस्टँडवर कुणीतरी विचारलं की व्याह्यांशी बिनसलं म्हणे. दुसऱ्या दिवशी सोयरीक जमवणारे व्यंकटराव मुखेडहून आले, समेट करायला. काय झालंय हे त्यांना माहीत नव्हतं, मला सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांनी आमच्या दोघांच्याही चुका आपल्या मनानं ठरवल्या आणि मिटवल्या. त्यांच्या हिशेबी मी हुंड्यातलं काहीतरी परत मागितलं होतं. (हुंडा दिलेलाच नव्हता.) व्यंकटरावांना अंबिकानं धपाटे वाढले, मला एक शब्द विचारला नाही. तिला काही पत्ता लागलेला नाही, याचा मला फार आधार वाटला.

आणि रविवार आला. अक्रमसाहेब अकराला घरी येऊन खुर्चीवर बसले. बरणी कुठाय हे मी त्यांना सांगणार, एवढ्यात दारात जीप थांबली आणि निलंग्याची पाच माणसं उतरली. बसलिंगप्पा, रुद्रेश, ऋतुजा, एक मामा, आणि सगळ्यात पुढे महानंदाबाई, हातात म्हाताऱ्यांची बरणी, शेंगदाण्याच्या लाडवांनी शिगोशीग भरलेली. रुसवा काढायला आली होती माणसं. माळ्यावर असलेली बरणी दारातून आत येत होती, आणि अंबिका नव्या डोळ्यांनी बघत होती.

विहीणबाईंनी बरणी तिच्या हातात दिली. अंबिकानं ती घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाली, किती देखणी वो बरणी तुमची, कुठून घेतली? महानंदाबाई म्हणाल्या, लई जुनी हाय. मी भिंतीकडे बघत होतो. अंबिका आत गेली, लाडू परातीत ओतले, बरणीच्या बुडावर तळहातानं दोन थापा मारल्या, मग घासणी घेऊन तिला आतून बाहेरून घासली. आवाज बाहेरपर्यंत येत होता. अक्रमसाहेबांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं ती बाहेर आली ती बरणी येसरानं भरून, वर कापड बांधून. विहिणीचं भांडं रिकामं परत कसं द्यायचं, म्हणाली आणि सगळ्यांसमोर ऋतुजाच्या ओटीत ठेवली. जेवणं झाली, हसणंखिदळणं झालं, बसलिंगप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जीप निघाली तेव्हा अक्रमसाहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “शरणप्पासाब, वो जा रही.” मी मान डोलावून म्हणालो, हाव. ते पितळी मापं घेऊन गेले.

सोयरीक वाचली, याचं समाधान आहे. रात्रीचं जेवण शांततेत झालं. मी हात धुवून पाटावरून उठतोय तोच अंबिका म्हणाली, “ती माळ्यावरची बरणी तेवढी काढून द्या. आईची हाय, फळीवर ठेवते म्हनते.”

तिला संशय नाही, हे नक्की. डोळे सुधारले तरी जवळचं अजून स्पष्ट दिसत नसावं, म्हणून तर हातात घेऊन ओळखली नाही. पण तेव्हापासून मी रोज दुपारी शिडी लावून माळ्यावर चढतो आणि शोधतोय असं दाखवतो. खाली आवाज जावा म्हणून सामान इकडून तिकडे सरकवावं लागतं. अकरा वर्षांची धूळ आहे. ती खालून सांगते, आता आलाच आहात वर तर ती पोती झटका, ते पत्र्याचे डबे खाली द्या. परवा ऋतुजाचा जुना पाळणा सापडला, तोही उतरवून घेतला आणि धुवून उन्हात ठेवलाय, कशाला कोण जाणे. माझ्या नाकात, कानात धूळ आहे आणि बरणी काही सापडत नाही. सापडणार कुठून.

असो. पत्र लांबलं. तुमची आठवण येते, एवढंच कळवायचं होतं. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा एकदा शरणार्थ.

तुमचा,
शरणप्पा

ता. क. सोबत किलोभर येसर पाठवतो आहे, अंबिकाच्या हातचं. पोचल्याचा फोन करू नका.

ता. क. आणखी एक बारीकसं काम होतं. तुमची बरणी मला पाठवून द्या. तुमचे ब्रश एखाद्या स्टीलच्या पेल्यातही उभे राहतील. जुन्या धोतरात गुंडाळून, तुरीच्या डाळीच्या पोत्यात मधोमध घालून, एसटी पार्सलनं दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, घरच्या नको. मी ती माळ्यावरून काढून तिच्या हातात देईन. फरक दोनच आहेत. तुमच्या बरणीच्या बुडाखाली वहिनींनी नेलपॉलिशनं ‘शि’ काढलेलं आहे, ते पुसून ‘अं’ काढावं, तांबडा रंग, अनुस्वार जरा उजवीकडे. दुसरं म्हणजे आमच्या बरणीवरचा चौथा म्हातारा हसतो आणि तुमचा डुलकी घेतोय. तुम्ही चित्रकलेचे मास्तर आहात, बारीक ब्रश घेऊन त्याला थोडं हसवा. फार नको, ओठाचं टोक वर गेलं तरी पुरे.

ता. क. बरणी आधी अंबिकाला देणार, हे शपथेवर सांगतो. अक्रमसाहेबांना फक्त दुरून दाखवीन. तीन म्हणजे नेमके किती, एवढंच विचारायचं आहे.

ता. क. अण्णा, मी अंबिका. पाकीट चिकटवायला डिंक मागायला हे माझ्याकडेच आले, म्हणून वाचलं. ऑपरेशननंतर मी वाचलेलं पहिलं लांब पत्र हेच, सगळी अक्षरं स्पष्ट दिसली. बरणी पाठवू नका, आणि कुठल्या म्हाताऱ्याला हसवूही नका. ती निलंग्याला गेली त्याच दुपारी ऋतुजानं मला तुमच्या घरी फोन केला होता. मी एकटीच हसत होते म्हणून वहिनींनी विचारलं होतं बघा. पोरीला येसर उगाच खावंसं वाटलं नव्हतं. आता तिसरा महिना संपत आलाय. तो संपल्याशिवाय पुरुषांना सांगायचं नाही, असं विहीणबाईंचं आणि माझं ठरलंय, तर तुम्हीही हे वाचलेलं नाही असं समजा. ऋतुजा पोटात असताना आईनं ही बरणी मला अशीच येसर भरून दिली होती. हिला कधी रिकामी ठेवू नकोस, म्हणाली होती. मग मी ती हैदराबादला जाऊ देईन का? अक्रमसाहेबांचा रविवारचा मेसेज मी यांच्या फोनवर आधीच वाचला होता. हे रिकामी मागून आले तेव्हा महानंदाबाई फोनवर रडल्या. त्यांना मी सगळं सांगितलं आणि रविवार आम्ही दोघींनी ठरवला. चार माणसांत भरून दिलेली वस्तू आता हे कुणाला मागू शकत नाहीत. बुडाखाली ‘अं’ शेजारी ‘ऋ’ काढून दिलाय. ओटीत ठेवताना तिनं माझा हात धरून ठेवला, आईची फार आठवण आली.

यांना इतक्यात काही कळवू नका. पाळणा खाली आलाय, पण अर्धा माळा अजून झाडायचा राहिलाय. तुमचं उत्तर महिन्याभरानं आलं तरी चालेल.